उलटतपासणी

ड्युटीवर आल्या की ताई आधी सेंट्रिफ्यूजला नमस्कार करायच्या. रक्ताच्या ट्यूब गरगर फिरवणारं ते यंत्र कुकरपेक्षा थोडं मोठं होतं आणि त्याच्या झाकणाचा रंग उडालेला होता. ताई त्या झाकणाला दोन बोटं टेकवायच्या, तीच बोटं डोळ्यांना लावायच्या आणि मग ॲप्रन चढवायच्या. शेवटचं बटण लावताना माझ्याकडे बघून म्हणायच्या, "चला, बघणारा बघतोय."

हे वाक्य कोणासाठी असायचं ते मला बरेच दिवस कळलं नव्हतं. दिलासा म्हणावा तर त्यात किंचित धमकी होती, आणि धमकी म्हणावी तर आवाज फार गोड होता. तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल. ते काही वाईट बोलत नाही, तरी ते बोललं की आपण एकदा आपलं टेबल नीट आहे ना ते बघून घेतो.

परळच्या एका हॉस्पिटलच्या ब्लड बँकेत आम्ही दोघी टेक्निशियन होतो. ताई माझ्याहून पुष्कळ मोठ्या. माहेर-सासर दोन्ही मालवणकडचं, राहणं लालबागच्या चाळीत, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी एकच. मी नायगावची. वडील बसचे कंडक्टर होते आणि उरलेला सगळा वेळ वाचनालयात असायचे. आमच्या घरी देव्हारा नव्हता. काही घरांत मासे शिजत नाहीत, तसंच ते होतं. कोणी देवाला चिडून बाहेर काढलेलं नव्हतं, तो कधी आलाच नव्हता.

हे ताईंना कळलं माझ्या पहिल्या गणपतीत. त्या दिवसांत परळ-लालबागला सरळ चालता येत नाही. आमच्या स्टाफमधले सगळे पाळ्या लावून दर्शनाच्या रांगेत उभे राहत होते. ताईंनी माझीही पाळी लावली. मी म्हटलं, माझ्या वेळेत दुसऱ्या कोणाला पाठवा, मी मानत नाही. ताईंनी हातातली ट्यूब स्टँडमध्ये ठेवली, स्टूल ओढून माझ्याजवळ बसल्या आणि हळू आवाजात विचारलं, "काय झालं होतं गं?"

काही झालं नव्हतं. हे मी त्यांना त्या दिवशी सांगितलं, पुढेही अनेकदा सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नाही. मग त्यांनी शोध सुरू केला. आईची तब्येत कशी असते, वडील कशाने गेले, लग्न का लांबलंय, कोणी फसवलं का, असे प्रश्न डबा उघडताना, हात धुताना, मधूनच सहज टाकल्यासारखे यायचे. शेवटी त्यांनी माझ्यासाठी एक प्रेमभंग ठरवून टाकला असावा, कारण त्यानंतर त्या मला डब्यातली सोलकढी जास्त द्यायला लागल्या. मी ती पीत होते. दुःख खोटं असलं तरी सोलकढी खरी होती.

माझाही त्यांच्यावर संशय होता, आणि तो सोलकढीने जाणारा नव्हता. आमचं काम कसलं ते थोडक्यात सांगते. वॉर्डातून पेशंटच्या रक्ताचं सॅम्पल येतं. ते रक्त आणि आमच्या फ्रिजमधल्या बॅगेतलं रक्त एकमेकांना चालतं का, हे दोन्हींचे थेंब ट्यूबमध्ये मिसळून, फिरवून बघायचं. त्याला क्रॉसमॅच म्हणतात. चालत नसेल तर लाल पेशी एकमेकींना चिकटतात आणि गुठळ्या होतात. ट्यूबमध्ये झाल्या तर ठीक, माणसाच्या अंगात झाल्या तर माणूस जाऊ शकतो. अशा कामात यंत्राच्या पाया पडणारी बाई मला नको होती. मला वाटायचं, वर कोणीतरी सांभाळणारा आहे असं ज्याला वाटतं, त्याचा हात कुठेतरी सैल पडणारच. उद्या काही चुकलं तर ही बाई म्हणेल, त्याची इच्छा.

म्हणून ताई डबा खायला गेल्या की मी त्यांच्या ट्यूब पुन्हा तपासायची. गुपचूप, सगळ्या. चूक कधी सापडली नाही. एवढ्यावर माझा संशय कमी व्हायला हवा होता. मला वाटायचं, अजून सापडलेली नाही एवढंच.

मग एक दिवस मी चहा पिऊन आले तर माझ्या स्टँडमधल्या ट्यूबची लेबलं भिंतीकडे तोंड करून उभी. मी लेबलं नेहमी माझ्याकडे ठेवते. खोलीत ताई एकट्याच होत्या.

"ताई, माझ्या ट्यूब कोणी हलवल्या?"

"मी." त्यांनी मानही वर केली नाही. "रोजच बघते."

"का?"

"तू कोणाला मानत नाहीस ना. मग तुझ्यावर नजर कोण ठेवणार? कोणीतरी ठेवायला हवी."

मला संताप आला. म्हणजे माझ्यावर पहारा नाही म्हणून मी खोटं लिहीन, न बघता बघितलं म्हणून सांगेन, असं या बाईला इतके महिने वाटत होतं. मी काही बोलणार तोच त्या म्हणाल्या, "आणि माझ्या ट्यूब तू कशाला बघतेस ते सांग."

त्यांना माहीत होतं. मी खरं ते सांगितलं, की तुम्ही यंत्राच्या पाया पडता म्हणून. ताई हसायला लागल्या. इतक्या हसल्या की त्यांना स्टूलवर बसावं लागलं. मग पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "पाया पडते म्हणून तर दोनदा बघते गो. त्याला तोंड दाखवायचं असतं संध्याकाळी."

त्या दिवसापासून लपवाछपवी संपली. मी त्यांच्या समोर त्यांच्या ट्यूब बघायला लागले, त्या माझ्या. संशय दोघींचाही होता तिथेच होता. फक्त तो आता उघड्यावर आला होता आणि त्याचा कामाला उपयोग होत होता.

मंगळवारी ताई ड्युटी संपली की प्रभादेवीच्या गणपतीला जायच्या. माझी समजूत अशी की देवळात जाणारे लोक काहीतरी मागायला जातात. नारळ द्यायचा, नोकरी घ्यायची. मी एकदा खोचकपणे विचारलं, आज काय मागणार. ताई म्हणाल्या, मागायला कशाला हवं, जाऊन दिवसभरात काय केलं ते सांगून येते. आम्ही पुढच्या पाळीला काम सोपवताना जसं सगळं सांगतो तसं. कोणत्या वॉर्डात किती बॅगा दिल्या, कोणावर उगाच ओरडले, कुठे कंटाळा केला.

"सगळं सांगता?"

"सगळं. गेल्या मंगळवारी तू पिपेट तशीच ठेवून गेलीस, तेसुद्धा सांगितलं."

जो नाही असं मी मानते त्याच्याकडे माझी तक्रार गेली होती, आणि मला त्याचा खरोखर राग आला. बराच वेळ मी आठवत बसले की गेल्या मंगळवारी थेंब टाकायची ती नळी धुतली होती की नाही.

आमच्याकडे एक लहान मुलगी यायची. तिला थॅलेसेमिया होता, म्हणजे अंगात रक्त टिकायचं नाही आणि दर काही आठवड्यांनी नवं चढवावं लागायचं. वॉर्डात जाण्याआधी ती आमच्या खिडकीच्या काचेवर टिचक्या मारायची आणि ताई आतून टिचक्यांनी उत्तर द्यायच्या. तिच्यासाठी त्या फ्रिजमधली सगळ्यात ताजी बॅग बाजूला काढून ठेवायच्या. मग एका पावसाळ्यात ती यायची थांबली. काही दिवसांनी तिची आई एकटीच आली. खिडकीशी उभी राहिली, सांगितलं आणि गेली.

दुसऱ्या दिवशी ताई आल्या, ॲप्रन घातला आणि कामाला लागल्या. सेंट्रिफ्यूजला हात लावला नाही. मंगळवार आला आणि गेला. ड्युटी संपल्यावर त्या सरळ घरी गेल्या. पुढच्या मंगळवारीही तेच. मी बघत होते. मला वाईट वाटत होतं हे खरं, पण त्या वाईट वाटण्याच्या आड एक उत्सुकताही होती. मला वाटलं, आता ही बाई माझ्या बाजूला येणार. मी शक्य तितक्या हळू विचारलं, प्रभादेवीला जात नाही वाटतं.

"बोलत नाही मी त्याच्याशी."

"म्हणजे आता मानत नाही?"

खराब झालेल्या सॅम्पलकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "भांडण झालंय आमचं. भांडायला समोर कोणीतरी लागतं की नाही?" मग जरा मऊ आवाजात म्हणाल्या, "तुझंही असंच काहीतरी असणार. फक्त तुझं फार लांबलंय."

इतक्या वर्षांत त्या माझ्यात काय शोधत होत्या ते मला तेव्हा कळलं. न मानणं म्हणजे त्यांच्या लेखी अबोला. त्यांनी स्वतः अनेकदा धरलेला आणि अनेकदा सोडलेला. मी त्यांना समजावलं की माझं कोणाशी भांडण नाही, तिथे माझ्यासाठी कोणी नाहीच. त्यांनी मनापासून ऐकून घेतलं. मग विचारलं, असं कसं कोणी नाही. त्यांना खरंच कळत नव्हतं. आणि मी विचारलं की जो कधीच उत्तर देत नाही त्याच्याशी रोज बोलता कसं, तेव्हा तो प्रश्न त्यांना कळला नाही. आम्ही दोघी डबे धुवायला गेलो.

काही आठवड्यांनी एका सकाळी त्यांनी पुन्हा सेंट्रिफ्यूजला बोटं टेकवली. समेट कसा झाला, कोणी आधी माघार घेतली, हे मी विचारलं नाही.

आता त्यांच्या मुलीच्या बाळंतपणाचं सांगते. त्या दुपारवर आम्ही पुढे कित्येक वर्षं वाद घातला.

मुलीचं नाव ताईंनी आमच्याच हॉस्पिटलमध्ये घातलं होतं. त्या दिवशी ताई ड्युटीवर होत्या आणि मुलगी वर लेबर वॉर्डात. जेवणाच्या सुमारास निरोप आला की नात झाली. ताईंनी आम्हा सगळ्यांसाठी पेढे आणायला माणूस धाडला. तो माणूस परत यायच्या आत वॉर्डातली मावशी जवळजवळ पळत आली. तिच्या हातात सॅम्पल होतं. मुलीचा रक्तस्राव थांबत नव्हता. ग्रुप बी निगेटिव्ह, आमच्याकडे त्या ग्रुपच्या बॅगा होत्या, पण फार नव्हत्या.

जवळच्या नातेवाइकाने तपासणी करू नये, म्हणून सॅम्पल मी घेतलं. एवढ्या घाईत पूर्ण क्रॉसमॅचची वाट बघता येत नाही. पहिला टप्पा बघायचा, ठीक असेल तर बॅग सोडायची आणि उरलेली तपासणी खाली चालू ठेवायची. नंतर काही वावगं दिसलं तर वर फोन करून रक्त थांबवायचं. मी थेंब टाकले, ट्यूब फिरवली, उजेडात धरली, हळूच हलवली. रक्त सगळीकडे सारखं पसरलं. आतून आमच्या डॉक्टर मॅडम आल्या, त्यांनी ट्यूब बघितली आणि मान हलवली. नियम पुरा झाला होता. पण मला सवय ताईंच्या नजरेची. मी ट्यूब घेऊन त्यांच्याकडे वळले.

ताई फ्रिजला पाठ लावून उभ्या होत्या. ओठ घट्ट मिटलेले.

"ताई, एकदा बघून घ्या."

त्या जागेवरून हलल्या नाहीत. "तू बघितलंस?"

"हो."

"मग दे."

बॅग मावशीच्या हातात गेली आणि तिच्या मागोमाग ताई निघून गेल्या. इतक्या वर्षांत माझं काम न तपासता सोडलेला त्यांचा तो एकच दिवस. मी उरलेली तपासणी घेऊन एकटी बसले. वर ते रक्त थेंब थेंब त्यांच्या मुलीच्या अंगात जात होतं आणि खाली माझ्या ट्यूब अंगाइतक्या कोमट पाण्यात उभ्या होत्या. मला ताईंचा भयंकर राग आला. मला वाटलं, सोडलं शेवटी देवावर. हॉस्पिटलच्या फाटकाशी गणपतीचं लहानसं देऊळ आहे, तिथे जाऊन उभी राहिली असणार, आणि मला इथे टाकून गेली.

शेवटच्या वेळी ट्यूब फिरवून बाहेर काढली. मी ती उजेडात धरली आणि तिच्याशी बोलले. चिकटू नका, म्हटलं. एकमेकींना चिकटू नका. हे मी लाल पेशींना म्हणत होते. कोणी मला विचारलं असतं की त्यांना कान असतात का, तर मी नाही म्हटलं असतं. तरी मी ते म्हटलं, पुन्हा पुन्हा. पेशी चिकटल्या नाहीत. मान वर केली तर दारात ताई. रक्तस्राव आटोक्यात आला हे सांगायला त्या खाली आल्या होत्या, आणि कधीपासून उभ्या होत्या कोण जाणे.

पेढ्यांचा पुडा दुपारपासून तसाच होता, तो संध्याकाळी फोडला. मुलगी शुद्धीवर होती, नात रडत होती. मी ताईंना विचारलं, फाटकापाशी जाऊन आलात का. त्या म्हणाल्या, वेळ कुठे होता, वॉर्डाच्या दाराशी बसले होते.

"मग माझं काम बघितलं नाहीत ते का? देवावर सोडलंत ना?"

"देवावर कशाला सोडेन? तुझ्यावर सोडलं."

माझा विश्वास बसला नाही. आजही पूर्ण बसलेला नाही. तेवढ्यात त्यांनी माझ्याकडे वाकून विचारलं, "तू काय म्हणत होतीस ट्यूब हातात धरून? तुझे ओठ हलत होते. खरा सांग."

मी म्हटलं, सेकंद मोजत होते.

"मोजत होती म्हणे," असं म्हणून त्यांनी मला अख्खा पेढा भरवला.

दुसऱ्या दिवसापासून ताईंनी सगळ्या मजल्यांवर सांगितलं की वेळ आली तेव्हा ही पोर देवाला हाक मारत होती, मी या डोळ्यांनी बघितलं. मीही गप्प बसले नाही. मी सांगत सुटले की वेळ आली तेव्हा ताई देवळाकडे फिरकल्याही नाहीत, माणसाच्या हातावर विसंबल्या. दोघींनाही आपापला पुरावा पक्का वाटत होता. आम्हा दोघींचं ऐकून वॉर्डबॉय म्हणायचे, मग दोघींची अदलाबदल झाली का. यावर मात्र आम्ही दोघी एकदमच त्यांच्यावर चिडायचो.

तुम्ही मला विचाराल, पेशींना विनवणं ही प्रार्थना नाही तर काय. मी यावर पुष्कळ विचार केला आहे. त्यात देव कुठे होता ते मला सापडलेलं नाही. आणि मी ताईंना विचारायची की वॉर्डाच्या दाराशी बसून तुम्ही मनात काय म्हणत होतात, तर त्या सांगायच्या, काही नाही, नुसती बसले होते. नाव घेत होता का? नाही, तेही सुचलं नाही. मग तेव्हा तो कुठे होता? ताई म्हणायच्या, बसला असेल शेजारी, मी कुठे बघितलं.

त्या निवृत्त झाल्या त्या दिवशी आम्ही केक आणला होता. ताईंनी भाषण केलं नाही. सगळे पांगल्यावर त्यांनी त्या दिवशीच्या माझ्या सगळ्या ट्यूब एकेक करून बघितल्या, ॲप्रनची घडी घातली आणि मुलीकडे बदलापूरला राहायला गेल्या. लालबागची चाळ तेव्हा पाडायला काढली होती. नंतर फोन यायचे. पहिला प्रश्न असायचा, लग्न केलंस का, आणि दुसरा, बोलायला लागलीस का त्याच्याशी. मी दोन्हींना नाही म्हणायची.

त्यांच्या जागी एक तरुण मुलगा आला. हुशार आहे, अदबीने वागतो. देव आहे की नाही याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. माझी ट्यूब त्याच्यासमोर धरली की तो न बघताच म्हणतो, मॅडम, तुम्ही बघितलंय म्हणजे झालं. त्याचा माझ्यावर पूर्ण विश्वास आहे. मला त्याची भीती वाटते.

गेल्या वर्षी मुलीचा फोन आला. ताई दुपारी झोपल्या त्या उठल्याच नाहीत. मी तेराव्याला बदलापूरला गेले. ब्लॉक छोटा होता, माणसं दाटीने बसली होती. मुलीने मला पुढे नेलं आणि आपल्या सासूला ओळख करून दिली, की त्या दिवशी माझं रक्त यांनी तपासलं, आई सांगायची त्या ह्याच.

कोपऱ्यात पाटावर फोटो ठेवला होता, झेंडूचा हार घातलेला. मी समोर उभी राहिले आणि हात जोडले. मागून मुलीचा आवाज आला. ती सासूला हळूच सांगत होती, "बघितलंत? आई म्हणायची, या मनातून सगळं करतात, दाखवत नाहीत."

मी वळले. हात ताईंना जोडलेत, बाकी कोणाला नाही, हे सांगायला माझ्याजवळ सगळे मुद्दे तयार होते. मुलीचे डोळे सुजलेले होते आणि ती माझ्याकडे बघून हसत होती. हा वाद जिच्याशी घालायचा ती फोटोत होती.

फोटो हॉस्पिटलच्या ओळखपत्रावरचा होता, मोठा करून घेतलेला, त्यामुळे थोडा धूसर. मी परत त्याच्याकडे बघितलं. ताई कॅमेऱ्याकडे बघत नव्हत्या. त्यांची नजर जराशी बाजूला होती, फोटो काढणाऱ्याच्या हातांवर, तो नीट करतोय ना ते बघत असल्यासारखी.